नाव कटू नये म्हणून

जुलै संपत आला आणि वर्तमानपत्रात आयकर विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेची बातमी दिसली, की लोकांना दंड आठवतो. मला समुद्रपूरच्या ठाण्यात आलेली एक बाई आठवते. निवृत्त झाल्यावर खून, दरोडे, दंगली सगळं डोक्यात एकमेकांत मिसळून गेलं. कोणता आरोपी कोणत्या गावचा, हे आता मला जुने सहकारी सांगतात. ही बाई मात्र कशातच मिसळत नाही. या हकिकतीत मी कुणाचंच नाव लिहिणार नाही. वाचताना त्याची अडचण होणार नाही.

तेव्हा मी समुद्रपूरला ठाणेदार होतो. कपाशीत डवरणी, म्हणजे तण काढायची कोळपणी, चालली होती, त्यामुळे माणसं शेतात आणि ठाण्यात शांतता. शेतकऱ्याला काम असलं की भांडायला वेळ नसतो, हा माझा सगळ्या नोकरीतला अनुभव. मी टेबलाशी बसून वर्ध्याच्या लेखा शाखेशी फोनवर हुज्जत घालत होतो. कारण होतं माझा फॉर्म सोळा. पगारदार माणसाला हा कागद ठाऊक असतो. मालकानं वर्षभरात किती पगार दिला आणि त्यातून किती कर कापून सरकारात भरला, याचा तो दाखला. जूनच्या मध्यापर्यंत तो हातात पडायला हवा. आमच्या खात्यात तो जुलैच्या शेवटी पडतो, आणि त्यातही माझ्या नावापुढे दुसऱ्याच निरीक्षकाचा पगार लागलेला असतो. फरार आरोपी आम्ही परराज्यातून धरून आणतो, पण लेखा शाखेतून स्वतःचा कागद आणताना आमची दमछाक होते.

फोन ठेवतो तोच पहाऱ्यावरच्या शिपायाला बाजूला सारत ती आत आली. चाळिशीची, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात प्लास्टिकची पिशवी. उभ्या उभ्याच म्हणाली, "साहेब, सापडले जी."

"कोण सापडलं?"

"आमच्या पोरीचे बाबा. जित्ते हायेत. हे पाहा, सरकारचा कागद हाय."

मी तिला बसवलं, पाणी मागवलं. आमच्या महिला हवालदार बाई तिला ओळखत होत्या. त्यांनी कपाटातून मिसिंगची जुनी फाइल काढून माझ्यासमोर ठेवली.

फाइल जाडजूड नव्हती. तिचा नवरा तालुक्यातल्याच एका गावचा. घरी थोडी कोरडवाहू शेती भाऊबंदांच्या वाट्यात, आणि हा हिंगणघाटच्या एका सूतगिरणीत सुपरवायझर. रोज एसटीनं जाणं-येणं. गिरणीतलं काम कमी झालं तेव्हा याची नोकरी गेली. मग एका ठेकेदाराबरोबर तो हैदराबादच्या रस्त्यानं तेलंगणात गोदामाच्या बांधकामावर हिशेबनीस म्हणून गेला. घरात मोबाइल एकच, तो त्यानं मुलीसाठी घरी ठेवला. तिकडून ठेकेदाराच्या फोनवरून बोलायचा. काही आठवडे फोन येत राहिला, मग बंद झाला. ठेकेदाराचा नंबरही बंद. बाईनं तक्रार दिली. माझ्या आधीच्या अधिकाऱ्यांनी पत्रं पाठवली, फोटो पाठवले, एक पथकही जाऊन आलं. पण ठेकेदाराचं खरं नावच कुणाला माहीत नव्हतं. कायद्यानं मृत मानायला लागणारी सात वर्षं भरत आली होती.

मी तिचा कागद पाहिला. इंग्रजीत छापलेला, वर नवऱ्याचं नाव, पॅन क्रमांक, खाली रकमा. "हा कुठून आणला?"

"हिंगनघाटच्या मॅडमनं काढून देला. मी दरसाली त्यायचा रिटर्न भरतो ना."

मी फाइल खाली ठेवली. "तुम्ही भरता? हरवलेल्या माणसाचा?"

"मंग कोन भरन?" ती उलट मलाच म्हणाली. "ते सांगूनच गेलते, एकतीस जुलै चुकवजो नको म्हनून. कोडचा मेसेज आमच्याच फोनवर येते. हिंगनघाटच्या स्टँडजवळच्या दुकानातल्या दादाले सांगतो, तो निरंक भरून देते. औंदा तो दुकान बंद करून गेला, म्हनून मॅडमकडे गेली."

"पण उत्पन्न नसलेल्या माणसाला विवरणपत्र भरायची सक्तीच नाही. कशाला भरत होता?"

माझ्याकडे तिनं जरा कीव आल्यासारखं पाहिलं. "साहेब, मी नववी पास हाय. रिटर्न भरला का मानूस रिटर्न येते, असं नाई समजत मी. पन राशनच्या दुकानात अंगठा नाई लावला तं नाव कटते. मतदानाच्या यादीत घरी नाई भेटला तं नाव कटते. माह्या सासऱ्यानं एक साल हयातीचा दाखला नाई देला, तं पेन्शन बंद झालती. मानूस समोर बसला होता अन् कागदावर मेला होता. मंग इनकम टॅक्सवाले नाव नाई कापनार का? आमच्याकडून नाई कटलं पायजे, बस."

हवालदार बाईंनी मान खिडकीकडे वळवली. पॅन आणि आधार जोडायचं फर्मान निघालं तेव्हाही या नववी पास बाईनं मुदत उलटल्यावर हजार रुपये भरून नवऱ्याचं पॅन आधारला जोडून घेतलं होतं. घरातला माणूस बेपत्ता आणि त्याचं पॅन चालू. आमच्या ठाण्यात निम्म्या पोलिसांचं तेव्हा जोडलेलं नव्हतं.

"या कागदावर त्यायच्या नावानं पैसे देल्याचं लिहून हाय," ती पुढे झुकून म्हणाली. "मेल्या मानसाले कोनी पैसे देते का जी? पोरीचं जमलं हाय. दिवाळीनंतर लगन धरलं. तुम्ही त्यायले घेऊन या, मी काई इचारनार नाई. काऊन गेलते, कुठी होते, काईच इचारनार नाई."

नोकरीत मला अनेकांनी अनेक गोष्टी मागितल्या. इतकी सोपी आणि इतकी अवघड मागणी दुसरी आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी स्टेशन डायरीला नोंद करून मी तिला आणि हवालदार बाईंना घेऊन हिंगणघाटला गेलो. करसल्लागार मॅडम तरुण, चटपटीत. विवरणपत्रांचा शेवटचा आठवडा असल्यानं ऑफिसात बसायला जागा नव्हती. जिन्यावरसुद्धा शिक्षक, बँकवाले, दवाखान्यातल्या नर्स आपापले फॉर्म सोळा घेऊन उभे होते. गणवेश पाहून सगळे सरकले. दोघींना बाहेरच्या बाकावर बसवून मी आत गेलो.

मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "साहेब, हा फॉर्म सव्वीस-एएस. तुमच्या पॅनवर देशात कुठेही कर कापला गेला, की इथे दिसतो. कुणी कापला, कधी कापला, सगळं. निरंक भरण्याआधी हा बघायचाच असतो. दुकानवाल्यानं कधी उघडला नसेल."

"कापणारा कोण आहे?"

"इथलीच एक जिनिंग. हायवेच्या बाजूला."

मला क्षणभर खरं वाटेना. बाई दर जुलैला ज्या एसटी स्टँडवर उतरायची, तिथून ती जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारी गिरणी, हाकेच्या अंतरावर होती. मी उठायलाच लागलो होतो, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "थांबा. बाई म्हणतात ते नोकरीला होते. नोकरी असती तर कलम एकशे ब्याण्णव लागलं असतं आणि फॉर्म सोळा मिळाला असता. इथे एकशे चौऱ्याण्णव-सी आहे. याला मिळतो सोळा-अ."

पोलिसाला कलम सांगितलं की त्याचं डोकं चालू लागतं. आकड्यांनी मी गोंधळतो, कलमांनी नाही. "म्हणजे गुन्हा वेगळा," मी म्हणालो.

त्या हसल्या. "धंदा वेगळा. सोळा पगाराचा. सोळा-अ पगार सोडून बाकीचा, ठेका, कमिशन, व्याज. हा माणूस जिनिंगमध्ये नोकर नाही साहेब. तो तिथे मजूर पुरवतो. मुकादम आहे."

मी बाहेर बाकावर येऊन बाईला विचारलं, "तुमचे मालक माणसं आणून कामाला लावायचे का कधी? मुकादमकी वगैरे?"

ती हसली. त्या सगळ्या प्रकरणात मी तिला तेवढं एकदाच हसताना पाहिलं. "ते? साहेब, त्यायले घरच्या बैलालेबी हाकता येत नव्हतं. गिरनीत सुपरवायझर होते, पन पोरं त्यायचं ऐकत नव्हते. वहीच लिहीत बसत. मानसं सांभाळनं त्यायच्या रक्तातच नाई."

सोळा आणि सोळा-अ यांच्यात एका अक्षराचा फरक. त्या अक्षरानं मला सांगून टाकलं की जिनिंगवर असलेला माणूस हिचा नवरा नाही. तिला मी तसं बोललो नाही. पोलिसानं संशय सांगायचा नसतो, सापडलेलं सांगायचं असतं. तिला हवालदार बाईंबरोबर घरी पाठवलं आणि हिंगणघाट ठाण्याला कळवून दोन माणसं घेऊन जिनिंगवर गेलो.

कापसाचा हंगाम नव्हता. मोकळ्या आवारात जुन्या सरकीचे ढीग आणि शेडच्या दुरुस्तीचं काम. मुनीम घाबरला, पण कागद व्यवस्थित होते. हंगामात गाठी चढवायला मजूर लागत, ते हा मुकादम आणायचा. पैसे रोखीनं, थोडे थोडे उचलायचा. "पॅन मीच मागितलं साहेब," मुनीम म्हणाला. "नाही दिलं तर वीस टक्के कापावे लागतात, दिलं तर एकच टक्का. दुसऱ्या दिवशी त्यानं झेरॉक्स आणून दिली. कार्ड चालू आहे का ते तपासलं. चालू होतं."

चालू होतं, कारण समुद्रपूरची एक बाई ते चालू ठेवत होती.

शेडखाली एक माणूस पत्रे मोजून घेत होता. आमच्या शिपायानं पॅनवरच्या नावानं मोठ्यानं हाक मारली. त्यानं वर पाहिलंच नाही. मुनीमानं "ए मुकादम" म्हटल्यावर पाहिलं, आणि गणवेश दिसताच पळायचं सोडून जागीच खाली बसला. पळणारा माणूस मला कळतो. बसणारा माणूस बहुधा वाट पाहत असतो.

ठाण्यात आणून त्याला चहा दिला. आवाज चढवणारे अधिकारी मी पुष्कळ पाहिलेत. माझा अनुभव असा, की समोरच्याला साधे प्रश्न विचारत राहावेत, खोटं आपोआप दमतं. मी जबाबाचा कागद पुढे घेतला.

"नाव?"

त्यानं पॅनवरचं नाव सांगितलं.

"वडिलांचं नाव?" तेही बरोबर. जन्मतारीख विचारली, तीही न अडखळता. ते कार्ड त्यानं किती वेळा वाचलं असेल, हे त्यावरून कळत होतं.

"बायकोचं नाव?"

पॅनकार्डावर बापाचं नाव असतं. बायकोचं नसतं.

त्यानं चहाचा कप हातात फिरवला. मग म्हणाला, "बायकोचं नाव त्यानं कधी घेतलं नाई साहेब. पोरीची आई म्हने. पोरीचं नाव सांगू का?" आणि त्यानं ते सांगितलं. तेच नाव फाइलमध्ये होतं. एवढं बोलून तो माणूस कप खाली ठेवून ओक्साबोक्शी रडला. आम्ही त्याला रडू दिलं.

नंतर जे सांगितलं ते असं. तो यवतमाळकडचा. गोदामाच्या बांधकामावर दोघं एका झोपडीत राहायचे. उन्हाळा सरत नव्हता, पत्र्याची झोपडी, आणि आमच्या माणसाला ताप भरला. ठेकेदार म्हणाला, उतरेल. उतरला नाही. तिसऱ्या दिवशी तो बडबडायला लागला तेव्हा ठेकेदारानं टेम्पो दिला आणि यालाच पाठवलं. "गावाच्या दवाखान्यात नेलं. भाषा येईना. ठेकेदार बोलला होता, तुहं नाव सांगशील तं पोलीस तुलेच धरतीन. मी त्याले वऱ्हांड्यात झोपवलं. घरचा नंबर सापडन म्हनून चोरखिसा उसवला, तं त्यात नुसतं कार्ड. कार्डावर नंबरच नाई, गावबी नाई. सकाळी जाऊन पाह्यलं, तं मेला म्हने. मी पळून आलो."

"गाव माहीत नव्हतं?"

"समुद्रपूर मालूम होतं. तेवढंच."

"मग आला का नाहीस?"

"आलतो ना साहेब. हिंगनघाटले काम धरलं ते त्याच्याचसाठी. एकदा एसटीनं समुद्रपूरले उतरलो. स्टँडवर बसलो. कोनाले इचारू अन् काय म्हनून इचारू? तुमचा मानूस मी वऱ्हांड्यात टाकून आलो, असं सांगू? दुसऱ्या गाडीनं वापस गेलो." मग खाली मान घालून म्हणाला, "कार्ड फेकाले हात धजला नाई. मुनीमानं मागितलं तं माह्याजवळ माहं नव्हतं. तेच देऊन टाकलं."

या माणसाचा मला संताप यायला हवा होता. थोडा आलाही. पण खरा संताप आला त्या ठेकेदाराचा, जो आजतागायत सापडलेला नाही, आणि ज्याच्या कुठल्याच फॉर्मवर त्या झोपडीतल्या माणसांची नोंद नव्हती. हजेरीपट नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, फॉर्म सोळा तर दूरच. जिथे माणूस खरोखर राबला आणि मेला, तिथे तो कोणत्याच कागदावर नव्हता. जिथे तो कधी गेलाच नाही, तिथे त्याच्या नावानं वेळच्या वेळी कर भरला जात होता.

आम्ही त्याला घेऊन तेलंगणातल्या त्या गावी गेलो. तिथल्या ठाण्यात अनोळखी मयताची नोंद होती, तेलुगूत. तिथल्या एका हिंदी येणाऱ्या जमादारानं वाचून दाखवली. वय अंदाजे, अंगावरचे कपडे, मृत्यूचं कारण ताप. वारस न मिळाल्यानं पुरलं. फाइलला चेहऱ्याचा फोटो होता, तो मी लगेच पाकिटात घातला. आणि कपड्यांचे फोटो होते. पँट उलटी करून काढलेल्या फोटोत आतल्या बाजूला एक उसवलेला खिसा दिसत होता.

परत आलो ते थेट तिच्या घरी. बातमी तार-पत्रानं किंवा दुसऱ्याच्या तोंडून जाऊ द्यायची नाही, हा नियम मी नोकरीभर पाळला. हवालदार बाई सोबत होत्या. अंगणात मुलगी भांडी घासत होती. बाईनं आम्हाला पाहिलं, मग आमच्या मागे पाहिलं. गाडीतून आणखी कुणी उतरतं का म्हणून. कुणी उतरलं नाही. तिनं मुलीला आत चहा ठेवायला पाठवलं.

मी चेहऱ्याचा फोटो काढलाच नाही. आधी कपड्यांचा दिला. तिनं तो उजेडात धरला आणि पुष्कळ वेळ पाहिला.

"निळा दोरा हाय," ती म्हणाली.

मला समजलं नाही.

"पांढरा दोरा सरलता. ते म्हने, राहू दे, आतून कोनाले दिसते. मी निळ्या दोऱ्यानं चोरखिसा शिवून देला. कार्ड हरपू नये म्हनून." तिनं बोटानं फोटोतल्या टाक्यावरून रेघ ओढली. "हा टाका माहा हाय."

आत कपबशीचा आवाज होत होता. ती रडली नाही. फोटो उलटा करून तिनं मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "पोरीले चहा करू द्या. मंग सांगू."

चहा आम्ही घेतला. तो नाकारायचं बळ माझ्यात नव्हतं. त्यानंतरचा अर्धा तास मी इथे लिहीत नाही. लिहिण्यासारखा नव्हता.

कायद्याचं जे करायचं ते केलं. दुसऱ्याची ओळख वापरल्याचा गुन्हा मुकादमावर दाखल झाला, न्यायालयानं पुढे जे ठरवायचं ते ठरवलं. पण त्याला हजर करण्याआधी बाईनं एकच गोष्ट मागितली, त्याला भेटायची. सोबत आलेला तिचा दीर म्हणाला, नको. मी हो म्हटलं. आता ती शिव्या देईल, मारायला धावेल, या तयारीनं हवालदार बाई जवळ उभ्या राहिल्या.

ती त्याच्यासमोर बसली. "तुमी सोबत होते ना त्यायच्या?"

"हो बाई."

"पानी पेले का ते शेवटी?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "हो. माह्या हातानं पेले."

तिनं मान हलवली, उठली आणि निघून गेली. मी त्याचा जबाब चार वेळा वाचला होता. त्यात पाण्याचं वाक्य कुठेच नव्हतं. ते खरं होतं की नाही, हे मी त्याला विचारलं नाही. सगळी नोकरी खोटं शोधण्यात घालवलेला माणूस मी, पण त्या दिवशी मला ते शोधायचं नव्हतं.

मृत्यूचा दाखला मिळेपर्यंत दिवाळी गेली. मुलीचं लग्न थोड्या माणसांत झालं, मी अक्षता टाकायला गेलो होतो. कन्यादान दिरानं केलं.

पुढच्या जुलैत हिंगणघाटला कोर्टाची तारीख होती. काम आटोपून मी करसल्लागार मॅडमकडे डोकावलो, कारण माझा फॉर्म सोळा त्याही वर्षी चुकलेला होता. जिन्यावर तीच गर्दी. आत खुर्चीवर ती बाई बसलेली होती, तीच पिशवी मांडीवर. कपाळ मोकळं. मॅडम तिला समजावत होत्या. जिनिंगनं आपल्या तपशिलात दुरुस्ती केली आहे, ते पैसे आता तुमच्या मालकांच्या नावावर दिसणार नाहीत. तुमची वारस म्हणून नोंद झाली. माणूस गेल्यावर त्याचं शेवटचं विवरणपत्र भरायचं राहिलं असेल तर ते वारसानं भरायचं असतं, पण यांचं भरण्यासारखं काही नाही. आता एवढ्या अर्जावर सही केली की पॅन रद्द होईल.

"म्हनजे नाव कटन," बाई म्हणाली.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं जे होऊ नये म्हणून ती एसटीचे धक्के खात आली, त्याच्याच अर्जावर तिला स्वतः सही करायची होती. तिनं पेन घेतलं, आधी हात पदराला पुसला आणि नववी पास अक्षरात सावकाश, एक एक अक्षर जोडत सही केली.

लोक मला विचारतात, या प्रकरणानं काय शिकवलं. कागद माणसाचं नाव सांगतो, माणूस सांगत नाही, एवढं तर कुठल्याही पोलिसाला पहिल्या वर्षीच कळतं. मला कळलं ते वेगळं. फॉर्म, मुदती, ओटीपी यांना आपण कटकट म्हणतो. मीही म्हणत होतो, अजून म्हणतो. पण त्या रकान्यांच्या पलीकडे कुणीतरी कुणाला तरी धरून ठेवलेलं असू शकतं, हे मी त्या खोलीत पाहिलं. तेव्हापासून मिसिंगची फाइल बंद करताना माझा हात जड होत असे. आता नोव्हेंबरात मी स्वतः बँकेत हयातीचा दाखला द्यायला जातो, तेव्हाही ती आठवते.

सही झाल्यावर मॅडमनी अर्ज फाइलला लावला आणि म्हणाल्या, "झालं ताई. आता तुम्हाला यायची गरज नाही."

ती उठली नाही. पिशवीची घडी घालत, पुन्हा उघडत बसून राहिली. दारात रांग खोळंबली होती.

"मंग आता जुलैत मी कुठी जाऊ जी?" तिनं विचारलं.

मी तिला स्टँडपर्यंत सोडलं. समुद्रपूरची गाडी लागलेलीच होती.